सिंहलद्वीपाचे दोन पावसाळे

आपल्या समाजात आता धम्मयात्रेची हौस वाढली आहे ही आनंदाची गोष्ट आहे. पूर्वी दीक्षाभूमी आणि चैत्यभूमी एवढीच आपली यात्रा होती. नंतर बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी झाले. आता औरंगपुऱ्यातल्या, भीमनगर-पदमपुऱ्यातल्या घराघरांत श्रीलंकेचे नाव निघू लागले आहे. कोणी बोनसचे पैसे बाजूला ठेवतो, कोणी भिशी लावतो, कोणाचा मुलगा नोकरीला लागला म्हणून आईबापांना पाठवतो. अशा माणसाचा पहिला प्रश्न तिकिटाचा असतो आणि दुसरा जेवणाचा. पण खरा पहिला प्रश्न वेगळा आहे. तो म्हणजे, तिथे जायचे कोणत्या महिन्यात?

आम्ही तिथे दोनदा जाऊन आलो. एकदा वैशाख पौर्णिमेला आणि एकदा माघ पौर्णिमेच्या आठवड्यात. बेट तेच, विहार तेच, पण दोन वेळा दोन वेगळे देश पाहिल्यासारखे वाटले. म्हणून या लेखात आम्ही विहारांचे वर्णन थोडे आणि तिथल्या हवापाण्याचे वर्णन जास्त करणार आहोत. ज्याला आयुष्यात एकदाच जाता येणार आहे, त्याला त्याचाच उपयोग अधिक.

बारमाही उकाडा

श्रीलंका विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम सहा ते दहा अंशांवर आहे. आपले छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुने औरंगाबाद, वीस अंशांच्या जवळ. त्यामुळे आपल्याकडे जसा पौषात कडाका आणि वैशाखात वणवा असतो, तसे तिथे नाही. कोलंबोत जानेवारी असो की जून, दुपारचे तापमान तीस-एकतीस अंशांच्या आसपासच राहते आणि रात्री ते फारसे उतरत नाही. दिवसही वर्षभर जवळपास सारखाच. सकाळी सहाला उजाडते आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला अंधारते.

तीस अंश म्हणजे काय, आपण तर बेचाळीस सोसतो, असे कोणी म्हणेल. पण आपला उकाडा कोरडा आणि तिथला दमट. आपल्याकडे सावलीत बसले की जीव थंडावतो, तिथे सावलीतही घामाच्या धारा लागतात. सकाळी धुतलेला सदरा संध्याकाळपर्यंत वाळत नाही. पॉलिस्टरचे कपडे अंगाला चिकटतात, म्हणून सुतीच न्यावेत, आणि विहारात जायचे म्हणून पांढरे न्यावेत. पाणी सतत प्यावे लागते. तिथे रस्त्याच्या कडेला पिवळ्या-नारिंगी रंगाची शहाळी मिळतात, त्यांना 'थंबिली' म्हणतात. आपल्या गटातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याच पाण्याने तारले.

थंडी हवी असेल तर डोंगरात जावे लागते. कँडी शहर जवळपास आपल्या शहराच्याच उंचीवर आहे, तिथली रात्र बरी असते. नुवारा एलिया मात्र 1,868 मीटर उंचीवर आहे, तिथे स्वेटर लागतो. कोलंबोहून सकाळी घाम पुसत निघालेला माणूस संध्याकाळी तिथे कानटोपी शोधतो. तिथे ऋतू उन्हाळा-हिवाळा असा बदलत नाही, डोंगर चढले की बदलतो.

पाऊस दोन दारांनी येतो

त्या देशाचे खरे ऋतू पावसाने ठरतात. आपल्याला एकच पावसाळा माहीत, त्यांना दोन आहेत.

मे ते सप्टेंबर नैऋत्येकडून वारे येतात. हे आपलेच वारे. मृगाचा पाऊस आपल्या दारात येण्याआधी दोन-तीन आठवडे तो लंकेच्या किनाऱ्यावर उतरलेला असतो. तिथून केरळ, मग कोकण, आणि मग उरलासुरला मराठवाडा. हे वारे कोलंबो, गॉल, रत्नपुरा भिजवतात आणि मधल्या डोंगरांना अडून तिथेच रिकामे होतात. डोंगर ओलांडून पलीकडे जाताना त्यांत पाणी राहत नाही. पूर्व किनाऱ्यावर त्याच काळात 'कच्चान' नावाचा कोरडा, गरम वारा सुटतो. आपला सह्याद्री हेच करतो. महाबळेश्वरला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि आपल्याकडे सातशेच्या आसपास. डोंगराच्या कोणत्या बाजूला आपला जन्म झाला, एवढाच फरक.

पण लंका बेट आहे. तिच्या दुसऱ्या बाजूलाही समुद्र आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी आशिया खंडाची भूमी गार पडते आणि वारे उलट फिरून ईशान्येकडून वाहतात. बंगालच्या उपसागरावरून येताना ते पाणी उचलतात आणि त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, अनुराधपूर, पोलोन्नरुवा हा उत्तर-पूर्वेचा मुलूख भिजवतात. तेव्हा कोलंबो-गॉलचा किनारा मोकळ्या आकाशाखाली असतो. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे मधले महिने. दुपारनंतर ढग भरून येतात, विजा कडाडतात, आपल्या वळवासारखा पाऊस कोसळून जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा हा मधला पाऊस मात्र साधा नाही. तो सगळ्या बेटावर पडतो आणि त्यात चक्रीवादळांची भर पडते.

तिथले शेतकरी आपले वर्ष याच दोन पावसांनी मोजतात. ऑक्टोबरच्या सुमारास पेरून मार्चच्या आसपास कापायचा तो 'महा' हंगाम आणि एप्रिल-मे ते ऑगस्ट-सप्टेंबरचा तो 'यल' हंगाम. पश्चिम किनाऱ्याचे कोळी नैऋत्येचा समुद्र खवळला की जाळी आणि होड्या घेऊन पूर्व किनाऱ्यावर मुक्काम हलवतात आणि वारे फिरले की परततात. ऊसतोडीला जाणारी आपली माणसे आठवावीत, तसेच ते.

यात कोठे वरुणदेव नाही, कोणाचा कोप नाही. जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरची हवा तिची जागा घेते, डोंगर तिला अडवतो. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही. तथागतांनी कार्यकारणाचा जो नियम सांगितला तो पावसालाही लागू आहे. पाऊस लांबला की आपल्याकडे अजून बेडकांची लग्ने लावतात. आपल्या मुलांना या बेटाचा नकाशा समोर ठेवून दोन वाऱ्यांची ही गोष्ट एकदा समजावून सांगावी. एक धडा विज्ञानाचा होईल आणि एक धम्माचा.

कोरडा म्हणतात तो मुलूख

अनुराधपूरच्या भागाला तिथे 'कोरडा विभाग' म्हणतात. आम्ही माघात गेलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरे आणि भरलेली तळी होती, पाण्यात कमळे होती. आमच्या गटातल्या एक आजीबाई गाडीच्या खिडकीतून पाहत म्हणाल्या, "अरे बाबांनो, याला हे लोक कोरडं म्हणतात? मग आपल्या गावाला काय म्हणतील?"

आजीबाईंचा प्रश्न बरोबर होता. त्या कोरड्या विभागात वर्षाला बाराशे-तेराशे मिलीमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या दीडपटीहून अधिक. बेटावरच्या सगळ्यांत कोरड्या मन्नार आणि हंबनटोटा भागातही नऊशे-हजाराच्या आसपास पडतो. अडचण अशी की तो बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत पडून जातो आणि पुढे महिनोन् महिने आकाश कोरडे राहते. म्हणून तिथल्या माणसांनी दोन हजार वर्षांपूर्वीपासून पाणी अडवले. तळ्याला ते 'वेव' म्हणतात. अनुराधपूरची अभय वेव आणि तिस्स वेव ही ख्रिस्तपूर्व काळातली. पाचव्या शतकात राजा धातुसेनाने कला वेव बांधली आणि तिथून अनुराधपूरपर्यंत सुमारे 87 किलोमीटरचा जय गंगा कालवा नेला. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्याचा उतार मैलाला अवघा सहा इंच आहे. बाराव्या शतकात पहिल्या पराक्रमबाहूने पोलोन्नरुवाला तर तळ्यालाच समुद्र म्हणावे असे पराक्रम समुद्र बांधले. पावसाचे पाणी माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला मिळू द्यायचे नाही, हे त्याचे धोरण प्रसिद्ध आहे.

हे पाहताना आपल्या शहराची नहर-ए-अंबरी आठवते. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबर नावाच्या हबशी माणसाने खडकी वसवली आणि सतराव्या शतकात डोंगरातले पाणी नळांनी शहरात आणले. उताराचे तेच शास्त्र. शहर वाढले आणि नहरी बुजत गेल्या. आज आपण पैठणच्या नाथसागराच्या पाण्यावर जगतो आणि नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार यावर घरातल्या बायांचा दिवस ठरतो. 1972 चा दुष्काळ आपल्या थोरल्यांनी खडी फोडून काढला. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. आपल्याकडे पाऊस कमी पडतो हे खरे, पण पडलेले पाणी राखण्याची विद्या आपण मोडीत काढली हेही तितकेच खरे.

मात्र तळ्यांचे कौतुक करताना ती खणली कोणी, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. राजांची नावे शिलालेखात आहेत, टोपल्या वाहणाऱ्यांची नाहीत. तिथे 'राजकारिय' नावाची पद्धत होती, प्रजेने राजासाठी सक्तीने श्रम करायचे. इंग्रजांनी ती 1832-33 च्या सुमारास बंद केली. वेठ म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि पाणी म्हणजे काय हेही नको. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती केवळ तहान भागवायला नव्हे. म्हणून लंकेच्या तळ्यावर संध्याकाळी सारे गाव अंघोळीला उतरलेले पाहिले तेव्हा आमच्या गटातली जुनी माणसे बराच वेळ काठावर उभी राहिली. आम्हीही उतरलो. आम्हाला कोणी काही विचारले नाही.

पौर्णिमा आणि ऋतू

त्या देशात प्रत्येक पौर्णिमेला सरकारी सुटी असते. तिला 'पोया' म्हणतात. बाराही पौर्णिमांना नावे आहेत आणि प्रत्येक पौर्णिमेला स्वतःचे हवामान आहे.

वैशाखी म्हणजे 'वेसाक'. घरोघरी कागदाचे कंदील, चौकाचौकांत दिव्यांच्या मोठ्या कमानी आणि रस्त्यावर 'दन्सल', म्हणजे येईल त्याला फुकट जेवण आणि सरबत. चैत्यभूमीला आणि दीक्षाभूमीला आपली मंडळे अन्नदान करतात तेच हे. पण मे महिना हा नैऋत्य पावसाच्या तोंडावरचा. आम्ही गेलो त्या रात्री कोलंबोत पाऊस कोसळला. कंदील विझले, लोकांनी ते पुसून पुन्हा लावले. 2016 आणि 2017 या दोन्ही वर्षी मे महिन्यात मोठे पूर आले आणि दरडी कोसळल्या, हे लक्षात ठेवून निघावे.

ज्येष्ठी म्हणजे 'पोसोन'. सम्राट अशोकाचे पुत्र महेंद्र थेर मिहिंतले येथे आले ती पौर्णिमा. तेव्हा अनुराधपूरकडे पाऊस नसतो, ऊन असते, लाखोंची गर्दी असते आणि मिहिंतलेच्या 1,840 पायऱ्या तापलेल्या असतात. विहारात अनवाणी जावे लागते. रुवनवेलिसायच्या फरशीवर दुपारी बारा वाजता पाय ठेवून पाहा म्हणजे कळेल. पायमोजे न्यावेत, ते चालतात. डिसेंबरची पौर्णिमा संघमित्रा थेरींची. त्यांनी बोधिवृक्षाची फांदी आणली ती अनुराधपूरला आजही हिरवी आहे. त्या महिन्यात तिथे ईशान्य पाऊस असतो, बोधिवृक्षाला पाणी आकाशातून मिळते.

यातली एक गोष्ट आम्हाला फार विचार करायला लावणारी वाटली. आपल्याकडे आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा वर्षावास असतो. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते आणि बाहेर पाऊस चालतो. मगधातही हेच पावसाचे महिने. पावसात चालताना पिके तुडवली जाऊ नयेत, जीव मरू नयेत, म्हणून भिक्खूंनी एका जागी राहावे. पण अनुराधपूरला नेमके हेच महिने सर्वांत कोरडे. तरीही तिथल्या भिक्खूंनी वर्षावास याच महिन्यांत पाळला. पाऊस नसला तरी तीन महिने एका जागी बसून अभ्यास करण्याची आणि उपासकांना शिकवण्याची गरज उरतेच ना. ऋतू ज्या कारणाने आला ते कारण तिथे नव्हते, पण त्यातून निर्माण झालेली शिस्त उपयोगी होती, म्हणून ती टिकली. ज्या भागात आज पाऊस बेभरवशाचा झाला आहे, तिथल्या आपल्या विहारांनी हे ध्यानात ठेवावे. पाऊस येवो न येवो, वर्षावासाचे वाचन चुकवू नये.

चहाच्या मळ्यातला पाऊस

नुवारा एलियाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना हिरवेगार मळे लागतात. प्रवासी तिथे फोटो काढतात. चहालाही दोन वारे आहेत. पश्चिम उतारावरचा डिंबुला भागाचा चहा जानेवारी ते मार्चच्या कोरड्या हवेत उत्तम होतो आणि पूर्वेकडच्या ऊवा भागाचा जुलै ते सप्टेंबरच्या कोरड्या वाऱ्यात. पण पाने खुडणाऱ्या बाईला दोन्ही पावसांत डोक्याला पट्टा लावून पाठीवर ओझे घेऊन उभे राहावे लागते.

ही माणसे तामिळनाडूतून इंग्रजांनी नेलेल्या मजुरांची लेकरे. त्यांच्यात दलित मोठ्या संख्येने. देश स्वतंत्र झाल्याबरोबर 1948 च्या कायद्याने त्यांचे नागरिकत्व गेले आणि ते परत मिळायला अनेक दशके लागली. 'लाइन' म्हणतात त्या चाळींतल्या एकेका खोलीत कुटुंबे राहतात, आणि या चाळी डोंगरउतारावर. 29 ऑक्टोबर 2014 ला कोसलंदाजवळ मीरियाबेद्दा येथे दरड कोसळून अशीच वस्ती गाडली गेली. 2025 च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या दितवा चक्रीवादळात डोंगराळ भागात पुन्हा दरडी कोसळल्या आणि देशभरात शेकडो माणसे गेली. पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो असे म्हणतात. पडतो सारखा, पण मारतो उतारावरच्याला.

1950 च्या मे महिन्याच्या अखेरीस बाबासाहेब माईसाहेबांसह लंकेत गेले होते. कँडीला जागतिक बौद्ध परिषदेला ते उपस्थित राहिले. तिथला धम्म प्रत्यक्ष कसा पाळला जातो हे त्यांना पाहायचे होते. कोलंबोच्या टाउन हॉलमधल्या भाषणात त्यांनी तिथल्या अस्पृश्य बांधवांना धम्माकडे येण्याचे आवाहन केले आणि तिथल्या बौद्धांनी त्यांना आपले म्हणावे असे सांगितले. त्याच 1950 साली आपल्या शहरात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. एका हाताने शाळा आणि दुसऱ्या हाताने धम्म, अशी त्यांची त्या वर्षाची धावपळ होती.

आजही लंकेतल्या सियाम निकायात भिक्खू होताना जात पाहिली जाते, हे आपल्या माणसांनी डोळे उघडे ठेवून पाहावे. बुद्धाचा देश म्हणून सारे गोड मानून येऊ नये. वंदन करावे ते धम्माला, आणि प्रश्न विचारावा तो माणसांना. हेच बाबासाहेबांनी शिकवले.

मग जायचे केव्हा?

आता मुद्द्याचे. आपली पंचाईत अशी की आपल्या सुट्या आणि त्यांचे आकाश जुळत नाही. 14 एप्रिलला आपण कोठे जात नाही. त्यांचेही सिंहली-तामिळ नववर्ष 13-14 एप्रिललाच असते, तेव्हा तिथली दुकाने बंद आणि बसगाड्या गच्च. मे महिन्यात मुलांना सुटी असते, पण कोलंबो-कँडीला पाऊस आणि अनुराधपूरला ऊन. दिवाळीच्या सुटीत वादळवाऱ्याची भीती. 6 डिसेंबर चैत्यभूमीचा. उरतात जानेवारीचा उत्तरार्ध, फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा. म्हातारी माणसे बरोबर असतील तर हाच काळ उत्तम. तळी भरलेली, पाऊस ओसरलेला, डोंगर मोकळा. ज्यांना मुले घेऊनच जायचे आहे त्यांनी वेसाकला जावे, पण छत्री, जास्तीचे कपडे आणि एक मोकळा दिवस हाताशी ठेवून. जुलै-ऑगस्टमध्ये त्रिंकोमालीचा किनारा शांत असतो.

काही यात्रावाले स्वस्त म्हणून नोव्हेंबरची तारीख पुढे करतात. स्वस्त का आहे, हे त्यांना विचारावे. समुद्रमार्गे जाण्याचा विचार करणाऱ्यांनीही ऋतू पाहावा. धनुष्कोडीचा जुना मार्ग डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाला. नागपट्टणम-कांकेसंतुराई बोट ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली आणि काही दिवसांतच पावसाळ्यामुळे थांबवावी लागली.

डासांपासून जपावे. 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका मलेरियामुक्त म्हणून जाहीर केली, पण दोन्ही पावसाळ्यांमागून डेंग्यू डोके वर काढतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, मच्छर पळवण्याचे मलम आणि मीठ-साखरेच्या पुड्या पिशवीत असाव्यात. रानात फिरायचे तर जळवांसाठी मिठाची पुरचुंडी ठेवावी.

कष्टाने साठवलेले पैसे घेऊन आपला माणूस घराबाहेर पडतो. त्याची यात्रा पावसात वाहून जाऊ नये आणि उन्हात करपू नये, यासाठी प्रत्येक विहाराच्या समितीने यात्रेची तारीख ठरवण्याआधी हा दोन पावसाळ्यांचा हिशेब मांडावा. आणि परतल्यावर यात्रेकरूंनी गंडा-दोऱ्याऐवजी तळ्यांची माहिती आणावी. आपल्या गावाच्या शिवारात एक बुजलेली बारव, एक फुटलेला पाझर तलाव असतोच. येत्या उन्हाळ्यात तरुण मंडळाने त्यातला गाळ उपसला, तर अनुराधपूरला जाऊन आल्याचे सार्थक झाले असे आम्ही म्हणू.

जयभीम.